आठ बोटं कोरी

कोणाला अर्ज लिहायचा आहे हे कळलं की माझी आत्या आधी बोटं मोजायला सांगायची. गावच्या तलाठ्याला दोन बोटं, तहसीलदाराला चार आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना आठ. फुलस्केप कागदाच्या वरच्या कडेला एकाखाली एक असे दोन्ही पंजे आडवे ठेवायचे, अंगठे वगळून, आणि आठवं बोट जिथे संपेल तिथून पहिली ओळ धरायची. वरचा सगळा कागद कोरा. ती साहेबांच्या मानाची जागा. जितका त्यांचा हुद्दा मोठा तितका अर्जदार खाली. तंजावूरच्या राजवाड्यात मोडी लिहिणाऱ्या आमच्या कुणा पूर्वजानं ही रीत घालून दिली होती म्हणे. पुढे पणजोबांनी ती गोऱ्या साहेबाच्या कचेरीत चालवली, आजोबांनी वकिलाकडे कारकुनी करताना चालवली. राजा गेला, गोरा साहेब गेला, मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नाही, अर्ज आम्ही तमिळमध्ये लिहू लागलो. बोटं मात्र राहिली. आज साठी उलटल्यावर मी हे सुनेनं शिकवलेल्या देवनागरीत लिहिते आहे, आणि कागद समोर घेतला की अजूनही माझा डावा पंजा आपोआप वरच्या कडेला जाऊन बसतो. सून पुण्याची. ती म्हणते, आई, दोन सेंटिमीटर समास पुरे.

आमचं घर तंजावूरातच, पश्चिम वीथीच्या मागच्या बोळात होतं. भाड्याचं, रुंदीला एक खोली आणि लांबीला पाच, शेवटी विहीर. पुढे रस्त्याला लागून ओटा. तमिळ शेजाऱ्यांसारखं आम्हीही त्याला तिण्णै म्हणायचो. घरात अप्पा, अम्मा, मी आणि भागाआत्या. अप्पा एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आत्या त्यांची थोरली बहीण, म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिनं लग्न केलं नव्हतं; का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. रविवारी अम्मा रसवांगी करायची, आणि उडीद भाजून दळलेल्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पचडी. शेजारच्या घरात इडलीचं पीठ दळणारा ग्राइंडर दुपारभर घुर्र-घुर्र करत असायचा, आणि त्याच्या तालावर अप्पांचं घोरणं. साडेतीनला ग्राइंडर थांबला की अप्पा दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, कोण आलं? तोवर तिण्णैवर खरोखरच कुणीतरी येऊन बसलेलं असायचं.

येणारे सगळे अर्ज लिहून घ्यायला यायचे. दर सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत लोकांची गाऱ्हाणी ऐकत, त्यासाठी अर्ज लागे, आणि भागाआत्याच्या अर्जाला कचेरीत मान आहे अशी ओरत्तनाडूपासून पापनाशमपर्यंत समजूत होती. ती खरी होती की नाही देव जाणे. आत्या काही घेत नसे. लोक केळफूल आणत, शेवग्याच्या शेंगा आणत. एकानं एकदा जिवंत कोंबडी आणली, तिला आत्यानं आमच्या आचारविचारांवर छोटं व्याख्यान देऊन परत पाठवलं, म्हणजे कोंबडीलाच. अप्पा तिची थट्टा करायचे. निवडणूक आली की ते मत द्यायला धुतलेली वेष्टी नेसून जात आणि पुढे पाच वर्षं त्या विषयावर बोलत. आत्या म्हणायची, "मत पांच वर्षांत एकदां, नाना. अर्ज दर सोमवारीं. राज्य खरें सोमवारीं चालतें." अप्पांना घरात नाना म्हणणारी ती एकटीच होती.

माझ्या पंधराव्या वर्षी आत्याचा हात थरथरू लागला आणि लिहिणं माझ्याकडे आलं. ती सांगायची, मी उतरवायची. अर्जाची सुरुवात ठरलेली असायची: आपल्या चरणकमलांच्या छायेत वाढलेला हा दीन सेवक, वगैरे. पुढे साहेबांच्या न्यायबुद्धीवर पाच ओळी, मग त्यांच्या मुलाबाळांचं कल्याण, आणि त्यानंतर, पान संपत आलं की, माणसाचं काम. मला ते सगळं फार आवडायचं. माझं अक्षर वळणदार होतं आणि त्याचा मला गर्व होता. आत्याला तर त्याहून जास्त होता. आल्यागेल्याला ती माझा कागद उजेडात धरून दाखवायची. तिचं माझ्यावर प्रेम होतं हे मला तिच्या त्या कागद धरण्यावरून कळायचं, एरवी ती माझ्याशी उत्तरपत्रिका तपासल्यासारखं बोलायची.

अंजलै आमच्या बोळात पालेभाजी विकायला यायची. ओरत्तनाडूच्या वाटेवर एक गाव आहे, त्या गावाच्या पुढे मैलभर तिची वस्ती. गावातले लोक वस्तीला कॉलनी म्हणत आणि कॉलनीतल्या लोकांना गावात चप्पल घालून फिरू देत नसत. हे तेव्हा आम्हाला माहीत होतं आणि आम्ही त्यावर हळहळायचोही. पण आमच्या तिण्णैच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला उपडा घातलेला असायचा, हेही इथेच सांगून टाकते. अम्मानं सहा पेल्यांचा संच घेतला होता. पाच स्वयंपाकघरात, सहावा कोनाड्यात. अंजलैला कापी, म्हणजे कॉफी, त्यातून मिळायची, ती पिऊन तो विसळायची आणि परत उपडा ठेवायची. कुणी तिला तसं सांगितल्याचं मला आठवत नाही. कुणी नको म्हटल्याचंही आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात अंजलै एका रविवारी टोपली न घेता आली. सोबत तिची मुलगी कनगा, माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. कनगा आठवी पास झाली होती. पुढची शाळा ओरत्तनाडूला. सकाळी आठची बस कॉलनीवरूनच जायची, पण तिथे थांबत नसे, थांबा गावात. बस पकडायची तर मैलभर मागे चालत जाऊन गावच्या मोठ्या वीथीतून जायला हवं.

"जाईल की चालत," आत्या म्हणाली. हे सगळं बोलणं तमिळमध्ये, मी आमच्या भाषेत सांगते आहे. "मैलभर काय मोठं?"

"मैलाचं नाही, टीचरम्मा. त्या वीथीत मी चप्पल हातात घेऊन चालते. माझी आई चालली. ही म्हणते, मी हातात घेणार नाही. घातली तर तिथली मुलं सोडणार नाहीत. तेव्हा ही म्हणते, शाळाच नको."

कनगा खाली बघत होती. कोईमतूरकडच्या एका सूतगिरणीचा मुकादम कॉलनीतल्या मुली कामाला न्यायला येणार होता, शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यात. शाळा उघडेपर्यंत बस दारात थांबू लागली तर कनगा शाळेत, नाहीतर मुकादमाच्या गाडीत. अंजलैनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मात्र कनगाच्या हाताकडे बघत होते. त्यात माझ्याच इयत्तेची जुनी इंग्रजी वाचनमाला होती, आणि तिनं ती कुणी हिसकावून घेईल अशी छातीशी धरली होती.

आत्यानं मला कागद आणायला सांगितला. "आठ बोटं," ती म्हणाली. मी मोजली. चरणकमल आले, छाया आली, न्यायबुद्धी आली. अंजलै लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "टीचरम्मा, त्यांच्या पायांचं एवढं कशाला?" आत्या म्हणाली, तसंच लिहितात. बसच्या थांब्याची ओळ यायला पानाचा तळ आला, तेव्हा अंगठ्यांसाठी दुसरा कोरा कागद दिला. अंजलैनं तो कॉलनीत नेला, त्यावर एकेचाळीस जणींचे अंगठे आणि सह्या घेतल्या, पहिल्या कागदाला टाचणीनं लावला आणि सोमवारी जाऊन दिला. पावतीचं चिटोरं तिनं पदराच्या गाठीत बांधलं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अंजलै ते घेऊन धावत आली, कारण तिला वाटलं, आलं म्हणजे झालं. मी वाचून दाखवलं. एका व्यक्तीच्या वैयक्तिक सोयीसाठी नवा थांबा देता येत नाही. वस्तीतील लोकांची मागणी असल्यास तसा अर्ज करावा. मी दोनदा वाचलं. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक व्यक्ती? एकेचाळीस अंगठे काय आकाशांत गेले?" आणि जी बाई लोकांसाठी शेकडो अर्ज लिहूनही कचेरीची पायरी कधी चढली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाली. मी मागे.

कारकून बिचारा सभ्य होता. त्यानं फाइल काढली. तीत आमचा एकच कागद होता, माझ्या वळणदार अक्षरातला. दुसरा कुठे निसटला ते त्यालाही सांगता येईना. त्यावर नुसते अंगठे नि सह्या, ना विषय ना गाव, तो कशाचा हे कोण ओळखणार? "अम्मा," तो म्हणाला, "अंगठे याच कागदावर का नाही घेतलेत? एवढी जागा होती." आणि त्यानं आमच्या आठ बोटांवर पेन टेकवलं. तिथे शिक्का होता, आवक क्रमांक होता, आणि खाली लाल शाईत तीन ओळींचा शेरा: वैयक्तिक, नामंजूर. "तुम्ही जागा सोडता ते आम्हाला बरं पडतं," तो मनापासून म्हणाला. "नकाराचा शेरा लिहायला दुसरा कागद जोडावा लागत नाही."

यात त्याचा दोष नव्हता. पुढे मी स्वतः सरकारी नोकरीत लागले, तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसले आणि शेरे लिहिले. हातात आलेला प्रत्येक कागद मी आधी उलटून बघायची, टाचणीचं भोक आहे का ते बघायची. सहकारी हसायचे. हसोत. त्या दिवशी आत्यानं आभार मानले, छत्री उघडली आणि घरची वाट धरली. घरी अम्मानं कापी दिली, ती तशीच निवली. अप्पा म्हणाले, "आक्का, तीनशें वर्षांची रीत. एकदां चुकलें म्हणून काय झालें?" आत्या म्हणाली, "तीनशें वर्षांत किती कागद निसटले असतील, नाना, ते कोण मोजील?" अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं. शाळा उघडायला तेरा दिवस उरले होते.

अंगठे पुन्हा घ्यायला हवे होते. आत्या म्हणाली, मीच जातें. रविवारी जेवणं उरकून आम्ही दोघी बसनं निघालो. अग्निनक्षत्राचे, म्हणजे ऐन मे महिन्यातल्या उन्हाचे दिवस, बसच्या खिडकीच्या गजालासुद्धा हात लावता येत नव्हता. बस कॉलनीला थांबत नाही, त्यामुळे आम्हालाही गावातच उतरावं लागलं. वडाखाली अंजलै न्यायला आली होती. आम्ही मोठ्या वीथीत शिरलो तशी ती वाकली, पायातल्या चपला काढून तिनं हातात घेतल्या आणि जराही न थांबता पुढे चालू लागली, दारात शिरताना आपण काढतो तशी सहज. ओट्यांवर बसलेली दोन-चार माणसं आमच्याकडे बघत होती.

"घाल गं त्या," आत्या हळूच म्हणाली. "मी आहे ना सोबत."

"तुम्ही संध्याकाळी घरी जाल, टीचरम्मा. मला उद्या पुन्हा इथूनच जायचंय."

थोडं अंतर गेल्यावर आत्या म्हणाली, "पाय भाजत नाहीत का गं?"

अंजलै हसली. हसताना ती टाचा उचलून भरभर चालत होती. "भाजतात की. तेच लिहा. त्यांच्या पायांचं एवढं लिहिलंत, आता एकदा माझ्या पायांचं लिहा."

कॉलनीत एक कडुनिंब होता आणि त्याखाली दगडी पार. कुणीतरी चटई घातली, कुणीतरी ताकाचा तांब्या आणून ठेवला. आत्या तो घटाघटा प्यायली. बायका जमल्या. मी मांडीवर पाट घेतला, त्यावर फुलस्केप कागद ठेवला आणि सवयीनं दोन्ही पंजे वर टेकवले. आत्यानं माझा हात धरून बाजूला केला. "अंगठे आधी," ती म्हणाली. "इथें. वरती."

मग एकेक बाई आली आणि त्या आठ बोटांत अंगठा उमटवून गेली. शाईची डबी मी धरली होती. रोपं लावून लावून कित्येकींच्या अंगठ्यांच्या रेषा झिजल्या होत्या. कागदावर नुसता निळा ठिपका उठायचा. कनगानं सही केली, आडनाव नाही, पत्ता नाही, मोठ्या अक्षरात नुसतं नाव. वरची जागा काठोकाठ भरली. खाली काय लिहायचं ते आत्यानं सांगितलं नाही. तिनं अंजलैकडे बघितलं, आणि अंजलैनं सांगितलं, भाजीचा भाव सांगते तसं: बस आमच्या दारावरून जाते. ती थांबावी. आमच्या मुलींना शाळेत जायचं आहे. गावातून जाताना आम्हाला चप्पल हातात घ्यावी लागते आणि पाय भाजतात. चार ओळी झाल्या. मी थांबले, पुढच्या ओळीची वाट बघत. आत्या म्हणाली, "पोदुम," म्हणजे पुरे.

"तुमची सही?" अंजलैनं विचारलं.

"माझी कशाला? मी या वस्तीतली नव्हे."

"पण बस तुमच्यासाठीही थांबली नाही ना आज."

आमच्या घराण्यानं इतरांसाठी काय काय मागितलं असेल, पण स्वतः मागणाऱ्यांत नाव घालायचं नाही, हा एक ताठा होता. अप्पा त्याला अब्रू म्हणायचे. आत्यानं पेन घेतलं. वर जागा नव्हती, म्हणून तिनं सगळ्यांच्या खाली, जिथे मी आजवर 'आपला दीन सेवक' लिहीत आले होते तिथे, वाकडीतिकडी सही केली. तिची सही मला इतकी वेडीवाकडी कधीच दिसली नव्हती, आणि मला रडू आलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आत्या म्हणाली, कागदावर पाणी पाडूं नकोस.

सोमवारी अंजलै, कॉलनीतल्या दहा-बारा जणी आणि आत्या रांगेत उभ्या राहिल्या. तोच कारकून होता. त्यानं कागद घेतला, शिक्का उचलला आणि तो हवेतच राहिला. टेकवायला जागा नव्हती. त्यानं कागद फिरवला, उलटा केला, शेवटी मागच्या बाजूला शिक्का मारला, आणि उलटसुलट वाचून झाल्यावर उठून तो थेट आत घेऊन गेला. आत काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही. वारंवार अर्ज येणाऱ्या जागेला थांबा द्यावा असं आधीच कुणाच्या मनात असेल, निवडणूक जवळ आली असेल, साहेब चांगले असतील. आत्याचा मात्र शेवटपर्यंत ठाम विश्वास होता की काम अंगठ्यांनी झालं, आणि इतकी वर्षं कचेरीत काढूनही मला तो खोडून काढावासा वाटत नाही.

ओरत्तनाडूची शाळा उघडली त्या दिवशी, माझी अजून उघडायची होती, साडेदहाच्या सुमाराला अंजलै आमच्या दारात आली. टोपली नव्हती. पायांत चपला होत्या, त्या तिनं तिण्णैच्या पायरीपाशी काढल्या.

"थांबली?" आत्यानं विचारलं. ती सकाळपासून तिण्णैवरच होती, वर्तमानपत्र उलटं धरून.

"थांबली. कनगा चढली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही कार्टीनं." अंजलैनं डोळे पुसले आणि हसली. "मग तंजावूरकडं येणारी बस आली, तीही थांबली. माझं इथं काही काम नव्हतं, टीचरम्मा. थांबली म्हणून बसले."

मुकादमाची गाडी पुढच्या आठवड्यात कनगाशिवाय गेली. पण ते नंतर. त्या सकाळी आत्यानं आत हाक मारून कापी सांगितली. अम्मा कापीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि रोजच्यासारखा कोनाड्यातला पेला काढून तिनं तो भरला. अंजलै कापी प्यायली. पिऊन झाल्यावर उठली, रांजणातलं पाणी घेऊन पेला विसळला, नीट उपडा धरून पाणी निथळू दिलं. कोनाड्याकडे हात नेता नेता ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता; एखाद्या कचेरीचा पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं.

"टीचरम्मा, याचा अर्ज कोणाला करायचा?"

अम्मा दारात उभी होती. अप्पांची ऑफिसला जायची वेळ झाली होती, तेही मागे येऊन थबकले. आत्या उठली, अंजलैच्या हातातला पेला घेतला आणि आत गेली. मी तिच्या मागे गेले. स्वयंपाकघराच्या फळीवर आमचे पाच पेले ओळीनं उभे होते. आत्यानं सहावा त्यांच्यात ठेवला, आणि तिचा तो थरथरता हात सगळ्यांवरून असा फिरवला की ओळ मोडून गेली. नंतर बरेच दिवस अम्मा कापी ओतताना एकेक पेला उजेडात फिरवून बघायची. एकाच संचातले होते सगळे. तिला तो कधीच ओळखता आला नाही.